सांगितलं होतं तुला

नीलाच्या स्मरणशक्तीचा कंपनीत दरारा होता. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनत. त्यांना सगळे हार्नेस म्हणत, आणि एकेका हार्नेसमध्ये इतक्या रंगांच्या तारा असत की नवीन पोरी पहिल्या आठवड्यातच रडकुंडीला येत. कुठली तार कनेक्टरच्या कुठल्या खाचेत जाते हे बघायला समोर तक्ता टांगलेला असे. नीला तक्त्याकडं बघत नसे. मॉडेल बदललं की चहाच्या सुट्टीत ती एकदा त्या नव्या तक्त्यासमोर उभी राहायची, आणि मग तो तक्ता तिच्या डोक्यात. म्हणून तर तिला शेवटच्या तपासणीचं टेबल मिळालं होतं. त्या टेबलावरच्या बाईला स्वतःचा शिक्का असतो. तिनं शिक्का मारला की माल बाहेर पडला, मग त्याची जबाबदारी तिची.

पिंपळे गुरवच्या घरीही तेच. नवरा धम्मपाल भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला होता. मावसभावाच्या साखरपुड्याची तारीख असो की गॅसचं नवीन सिलिंडर कधी लावलं ते असो, तो नीलालाच विचारायचा. लेक साक्षी मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरात काही लिहून ठेवत नाहीत, आई आहे."

म्हणूनच, जेव्हा वस्तू जागेवर सापडेनाशा झाल्या, तेव्हा आपण विसरलो असू हे नीलाच्या मनात आलंच नाही. कोणीतरी हलवल्या, एवढंच आलं.

आजार त्याच्या बराच आधी घरात शिरला होता, पण तो डोळ्यातून शिरला. साक्षी चौथीत असताना एका सकाळी नीलाला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. चष्म्याच्या दुकानापासून सुरुवात झाली आणि एमआरआयच्या बोगद्यात जाऊन ती थांबली. मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. ती हार्नेसच्या कामावर आहे हे कळल्यावर त्यांनी सोपं करून सांगितलं, "तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं ना, तसं मेंदूतल्या नसांवरही असतं. आपल्याच शरीराच्या राखणदार पेशी चुकून ते आवरण कुरतडायला लागतात." औषध सुरू झालं. डोळा सुधारला. पुढं एकदा पाय बधिर झाले, तेही ओसरलं. थकवा मात्र मुक्कामाला राहिला.

कंपनीत तिनं यातलं काही कळू दिलं नाही. कळलं तर टेबल जाईल ही भीती. फक्त शेजारच्या टेबलावरच्या जयमालाला माहीत होतं. दोघी एकाच बसनं जायच्या, आणि मोशीच्या अलीकडं बस ट्रॅफिकमध्ये अडकली की नीला जयमालाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. जयमाला खिडकीचा पडदा ओढून घ्यायची, कोणी विचारलं तर म्हणायची, "रात्री पाहुणे होते हिच्याकडं."

पहिल्यांदा लॉकरची किल्ली गेली. नीला ती एप्रनच्या डाव्या खिशात ठेवायची. खिसा रिकामा. सगळीकडं शोधून झाल्यावर किल्ली जयमालाच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी दिसली.

"तूच ठेवलीस की मघाशी, माझ्याशी बोलताना," जयमाला म्हणाली.

नीलाला असं काही आठवत नव्हतं. आणि आपल्याला आठवत नाही म्हणजे ते झालंच नाही, हा तिचा जन्मभराचा अनुभव. तिनं हसून किल्ली घेतली, पण मनात पाल चुकचुकली.

मग घरात 'सांगितलं होतं तुला' सुरू झालं. रविवारी सकाळी धम्मपाल बूट घालायला बसला. नीलानं विचारलं, "आज सुट्टी ना?" तो म्हणाला, "मशिनी बंद ठेवून दुरुस्ती आहे, सांगितलं होतं तुला." नणंद पिंकी पोरांना घेऊन जेवायला दारात उभी राहिली, घरात फक्त खिचडी, आणि धम्मपाल कानाशी येऊन हळूच, "अगं, सांगितलं होतं ना तुला." साक्षीच्या शाळेतली पालकसभा होऊन गेली, आणि पोरगी तोंड पाडून बसली, "मी सांगितलं होतं तुला, दोनदा."

नीलाला दर वेळी अगदी स्वच्छ वाटायचं की नाही सांगितलं. अंधुक आठवतंय, अर्धवट आठवतंय, असंही नसायचं. तिथं काहीच नसायचं. मग ही माणसं खोटं का बोलत होती? खोटं बोलणाऱ्याचा काहीतरी डाव असतो, आणि तो डाव काय हे ती भाजी चिरताना, बसमध्ये, अंघोळ करताना शोधत राहिली. धम्मपालला आजारी बायको नको झाली असेल. पिंकी त्याचे कान भरत असेल. पोरीलाही त्यांनी आपल्या बाजूला ओढली असेल. एकदा संशयाला जागा दिली की तो पाहुण्यासारखा राहत नाही, मालकासारखा राहतो.

ती सापळे लावायला लागली. कामावर जाताना कपाटाच्या दाराच्या फटीत काडेपेटीची काडी अडकवून जायची. संध्याकाळी काडी खाली पडलेली दिसली की तिला चक्क बरं वाटायचं, बघ, उघडलं कोणीतरी. सकाळी घाईत रुमाल घ्यायला आपणच पुन्हा कपाट उघडलं असेल, हे तिच्या ध्यानात यायचं नाही. तोच प्रश्न धम्मपालला एकटा गाठून विचारायची, साक्षीला वेगळा विचारायची, आणि उत्तरं जुळतात का बघायची. उत्तरं जुळायची. म्हणजे दोघांनी आधी ठरवलेलं असणार.

अशात कंपनीत तो प्रकार झाला. तपासून गेलेल्या मालातल्या काही हार्नेसमध्ये ब्रेकच्या दिव्याची आणि इंडिकेटरची तार एकमेकींच्या खाचेत निघाली. माल घेणाऱ्या गाडी कंपनीची लाइन थांबली, तिकडून माणसं आली, खोके उघडले गेले. प्रत्येक चुकीच्या हार्नेसवर नीलाचा शिक्का होता.

सुपरवायझरनं तिला बोलावलं. तिनं हार्नेस हातात घेऊन पाहिला. ही चूक शाळेतल्या पोरीलाही दिसावी. माझ्या डोळ्यांखालून हे जाणं शक्यच नाही, तिला वाटलं, आणि मग एकदम सगळं जुळलं. किल्ली. लॉकर. लॉकरमधला शिक्का.

"हा शिक्का मी मारलेला नाही," ती म्हणाली. "माझी किल्ली कोणाकडं सापडली होती ते जयमालाला विचारा."

लाइनवरच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. जयमाला तारांची टोकं दाबून बसवायच्या क्रिम्पिंग मशिनजवळ उभी होती. तिनं नीलाकडं नुसतं बघितलं. ती भांडली असती तर नीलाला सोपं गेलं असतं. पण ती काहीच बोलली नाही, आपल्या टेबलावर जाऊन बसली, आणि नीलानं त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा लावला.

चौकशी होणार अशी कुजबुज होती. नीला कोणाकोणावर बोट दाखवायचं याची मनात तयारी करत होती. पण चौकशी झालीच नाही. एचआरच्या मॅडमनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फार मऊ आवाजात म्हणाल्या, "काही दिवस पॅकिंगला बसा, नीलाताई. तिथं डोक्याला ताण नाही. तब्येतीची काळजी घ्या."

तब्येतीची. नीला बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. यांना तब्येतीचं कोणी सांगितलं? कंपनीत एकाच बाईला माहीत होतं, आणि तीच दुसऱ्या दिवसापासून नीलाच्या टेबलावर बसली. आता पुराव्याची काय गरज होती? बसमध्ये नीलानं जागा बदलली. जयमाला दोनदा बोलायला आली, नीला खिडकीबाहेर बघत राहिली. तिसऱ्यांदा ती आली नाही.

मेंदूच्या डॉक्टरांकडची तपासणी जवळ आली होती. या वेळी धम्मपाल आत आला आणि नीलाच्या देखत म्हणाला, "डॉक्टर, ही विसरते हल्ली. आणि आम्ही सगळे तिच्या वाईटावर आहोत असं तिला वाटतं." नीलानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो खुर्ची मागं सरकवून बसला. डॉक्टरांनी तिला काही आकडे उलटे म्हणायला लावले, काही चिन्हं जुळवायला दिली. मग म्हणाले की या आजारात पाय आणि डोळे जसे बिघडतात तसं लक्ष, आठवण, विचारांचा वेग हेही बिघडू शकतं. बऱ्याच जणांचं बिघडतं, कोणी बोलत नाही. वेड वगैरे काही नाही. सांगवीत अपेक्षा नावाच्या थेरपिस्ट आहेत, त्या अशा लोकांकडून मेंदूचा सराव करून घेतात, तिथं जा.

वेड नाही हे त्यांनी न विचारता सांगितलं, यावरूनच नीलानं ओळखलं की धम्मपाल आधी येऊन भेटून गेलाय.

अपेक्षाचं केंद्र एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर होतं. टॅबलेटवर खेळ असायचे. पडद्यावर चेंडू यायचे आणि फक्त लाल चेंडूला बोट लावायचं. दोन चित्रं दाखवून लपवायची आणि मग कुठलं कुठं होतं ते सांगायचं. ते सुरुवातीला अवघड नसायचं, हळूहळू वेग वाढायचा, आणि मग एकदम अवघड व्हायचं. नीलाला ते पोरखेळ वाटले, आणि पोरखेळ जमत नाही म्हणून राग आला.

"हे मार्क कुठं जातात?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"माझ्याकडं," अपेक्षा म्हणाली. ती नीलापेक्षा लहानच असावी, केस वर गुंडाळलेले, बोलण्यात कसलीही घाई नाही. "तुम्ही म्हणालात तर डॉक्टरांकडं. आणखी कुठंही नाही."

"कंपनीत?"

"नाही."

नीलानं मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. टॅबलेटच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचं बारीक भोक होतं, त्यावर ती जाता येता अंगठा ठेवायची. मार्क कमी पडले तर नोकरी जाईल असं धरून तिनं उपाय केला. अपेक्षा शब्दांची एक रांग वाचून दाखवायची आणि काही वेळानं आठवतील तेवढे म्हणायला सांगायची. नीला टेबलाखाली तळहातावर बॉलपेननं शब्दांची पहिली अक्षरं लिहायला लागली. मार्क सुधारले.

एकदा टॅबलेट परत देताना अपेक्षानं तिचा हात हलकेच उलटा केला. घामानं अक्षरं पसरली होती, पण वाचता येत होती. नीलाला वाटलं, आता ही धम्मपालला फोन करणार.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" अपेक्षानं विचारलं.

"कोणी नाही."

"लिहून ठेवणं ही चोरी नाही, ताई. पुढच्या महिन्यात मी तुम्हाला तेच शिकवणार होते. फक्त हातावर नको, धुतलं की जातं." मग ती खुर्ची पुढं ओढून बसली. "पण एक विचारते. तुम्ही इथं कोणाला फसवायला येताय?"

नीला तळहात पुसत उठली. घरी येताना मात्र तो प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. तो राहिला हेच विशेष, कारण त्या दिवशी केंद्रात झालेलं बाकी काहीच तिला रस्त्यावर आठवत नव्हतं.

तरीही तिची खात्री कमी झाली नव्हती. उलट तिला एक नवी युक्ती सुचली. सगळे म्हणतात 'सांगितलं होतं'. आता एकदा पक्का पुरावाच धरू. तिनं फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो फ्रिजवर, चपातीच्या डब्यामागं ठेवायला सुरुवात केली. सकाळी सगळे घरात असतात तेवढा वेळ. आठवडाभर तिनं रोज ठेवला आणि ऐकायची घाई केली नाही. सापळ्यात शिकार यायची होती.

शनिवारी दुपारी धम्मपाल घरी आला तो पिंकीच्या मुलाला घेऊन. म्हणाला, "चार दिवस राहील हा, पिंकी गावी गेलीय. सांगितलं होतं तुला मंगळवारी."

"मंगळवारी?" नीलानं मुद्दाम विचारलं.

"हो, सकाळी. तू डबा भरत होतीस."

सापडलास, तिला वाटलं. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं, कानात वायर घातली. मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. कुकरची शिट्टी. साक्षी मोजा शोधतेय. नळ. मग धम्मपालचा आवाज, लांबून आल्यासारखा: "पिंकी गावी चाललीय शनिवारी. पोराला आपल्याकडं ठेवतो म्हणालोय, चालेल ना?"

आणि मग एका बाईचा आवाज, अगदी जवळून, फ्रिजच्या शेजारून. "ठेवा की. शनिवारी ना? त्याला ताक लागतं, दही लावते शुक्रवारी."

नीलानं ते मागं घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. आवाज तिचाच होता. ताक लागतं हेही तीच बोलणार, दुसरं कोणी नाही. ती बाई हसतसुद्धा होती. आणि त्या सकाळचा, त्या बोलण्याचा, त्या हसण्याचा तिच्या डोक्यात मागमूस नव्हता. शुक्रवारी दही लागलं नव्हतं.

बाल्कनीतून खाली पोरं क्रिकेट खेळताना दिसत होती. तिला वाटलं होतं, सत्य कळलं की जीव शांत होईल. पण जग खोटं बोलत होतं तेव्हा तिला जगाशी भांडता येत होतं. आता भांडायचं कोणाशी? जिच्या भरवशावर आजवर सगळ्यांना ठणकावून उत्तरं दिली, तीच आतली बाई तिच्याशी लबाडी करत होती. कपाटाची काडी, किल्ली, पालकसभा, एकेक करून सगळं तिच्यासमोर आलं, आणि शेवटी ते हार्नेस आले. शिक्का तिनंच मारला होता. आणि जयमालाचं ते नुसतं बघणं.

पुढच्या वेळी सांगवीला ती स्वतःहून लवकर गेली आणि अपेक्षाला ते रेकॉर्डिंग ऐकवलं.

"हे परत येईल का?" तिनं विचारलं. "माझं होतं तसं?"

"तसं मी म्हणणार नाही," अपेक्षा म्हणाली. "हा सराव आजार थांबवत नाही. काही जणांना चांगला उपयोग होतो, काहींना थोडा. पण लक्षात ठेवायच्या नव्या वाटा करता येतात. तुमचा त्रास बराचसा कशात आहे, माहितीय? दोन कामं एकदम चालू असली की ऐकलेलं आत पोचतच नाही. डबा भरताना, कुकर वाजताना, कोणी काही सांगितलं, की तोंड उत्तर देतं आणि डोकं ते ठेवून घेत नाही."

तिथून पुढं सराव खऱ्या अर्थानं सुरू झाला. शब्दांची नुसती रांग लक्षात ठेवायची नाही, त्यांची गोष्ट करायची आणि ती डोळ्यांसमोर चित्रासारखी बघायची. कोणी महत्त्वाचं काही सांगितलं की हातातलं काम खाली ठेवायचं. ऐकलेलं मोठ्यानं परत म्हणायचं. आणि म्हणताना आपण कुठं उभ्या आहोत, समोरच्यानं काय घातलंय, आजूबाजूला काय चाललंय, ते बघून घ्यायचं. अपेक्षा म्हणायची, "गोष्ट जागेला बांधा. जागा आठवली की गोष्ट मागोमाग येते." थकवा आला की थांबायचं, जबरदस्ती नाही. घरी तिनं रेकॉर्डिंगचं सांगून टाकलं. साक्षी तिची परीक्षा घ्यायला लागली आणि पोरीला त्यात फार मजा वाटायची.

पावसाळा संपेपर्यंत फरक दिसायला लागला. सगळं नाही, पण पालकसभा चुकली नाही, आणि लाल चेंडूंच्या खेळात अपेक्षानं वेग वाढवला. बदल्यात एक नवीन सवय लागली. कोणी काही म्हणालं की नीला आता आधी स्वतःवर शंका घ्यायची. 'सांगितलं होतं तुला' ऐकलं की मान खाली घालायची, "असेल बाबा, मीच विसरले." भांडणं थांबली. घरात शांतता झाली, आणि धम्मपालला ती शांतता फार मानवली.

एका रविवारी ती धीर करून जयमालाच्या घरी गेली. दारात उभी राहूनच म्हणाली, "शिक्का मीच मारला होता. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. सोमवारी सगळ्यांसमोरच सांगणार आहे की मी चुकले."

जयमालानं तिला आत घेतलं, पण लगेच विरघळली नाही. "मला वाईट त्याचं नाही वाटलं," ती म्हणाली. "चूक कोणाचीही होते. तू बसमध्ये जागा बदललीस, त्याचं वाटलं."

"मला वाटलं, तू माझ्या आजाराचं एचआरला सांगितलंस. तेही मनातून काढलंय मी. सांगितलं असशील तर माझ्या भल्यासाठीच."

जयमाला चहा ओतता ओतता थांबली. "मी? मी कधी कोणाला सांगितलं नाही, नीला. मला वाटलं तूच सांगितलंस, नोकरी वाचवायला."

परतताना नीला बसस्टॉपपर्यंत सावकाश चालत गेली. आजाराचं माहीत असलेल्या माणसांपैकी कंपनीत सांगणारं कोण? जयमाला नाही. ती स्वतः नाही. की तीच? स्वतःच जाऊन सांगितलं आणि विसरली? आता तेही अशक्य म्हणता येत नव्हतं.

घरी धम्मपाल हॉलमध्ये जमिनीवर मिक्सर उघडून बसला होता. नीला समोर बसली. "माझ्या आजाराचं कंपनीत कोणी सांगितलं?"

त्यानं वर बघितलं नाही. "मी सांगितलं. तेव्हा चौकशी बसणार होती, काढून टाकलं असतं तुला. सांगितलं होतं की तुला तेव्हाच."

नीलाची मान सवयीनं खाली गेली. असेल, मीच विसरले, हे शब्द ओठांपर्यंत आलेही. मग तिला वाटलं, एकदा जागा तर बघू.

"कुठं सांगितलंत?"

"कुठं म्हणजे?"

"मी कुठं होते? काय करत होते?"

"आता ते कसं लक्षात राहील? घरातच. किचनमध्ये असशील."

"मग मी काय म्हणाले?"

"काय म्हणणार, बरं म्हणालीस."

"मी कंपनीत एवढी वर्षं लपवलेला आजार तुम्ही जाऊन सांगितलात," नीला हळू म्हणाली, "आणि मी बरं म्हणाले. नंतर सगळा वेळ मी या घरात जयमालाला शिव्या घालत होते, तेव्हा तुम्ही समोर बसून जेवत होतात. एकदाही म्हणाला नाहीत, अगं तिनं नाही, मी सांगितलं."

स्क्रू फिरवणारा हात थांबला. त्यानं स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवला.

"नाही सांगितलं," तो म्हणाला. "धाडस झालं नाही. नंतर सांगू म्हटलं. मग तू रेकॉर्डिंग ऐकलंस आणि सगळं मान्यच करायला लागलीस."

"आणखी किती वेळा असं झालं?"

"झालं काही वेळा. एखादी गोष्ट मीच सांगायला विसरायचो. मग म्हणायचो, सांगितलं होतं. चालून जायचं." त्यानं मिक्सरचं झाकण उचलून पुन्हा खाली ठेवलं. "सोपं होतं ते, नीला."

ती ओरडली नाही. उठली, दुसऱ्या खोलीत गेली आणि पलंगावर बसून राहिली. तिला राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी, तिलाच नवल वाटावं असा, थोडा दिलासा होता. तिचं डोकं पूर्ण खोटं नव्हतं. काही भोकं आजारानं पाडली होती, काही माणसानं. आणि कुठलं भोक कोणाचं, हे ओळखायचं तिला थोडंसं का होईना, जमलं होतं.

सोमवारी ती कंपनीत जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलली. मग एचआरच्या मॅडमकडं गेली आणि म्हणाली, माझ्या आजाराबद्दल तुम्हाला दुसऱ्यानं सांगितलंय, आता माझ्याकडून ऐका. पॅकिंगला मन लागत नाही, टेबल परत मागत नाही, पण जिथं आठवणीवर काम चालत नाही तिथं ठेवा. काही आठवड्यांनी तिला टेस्टिंग बोर्डावर घेतलं. तिथं हार्नेस जोडला की बरोबर असेल तर हिरवा दिवा लागतो, आणि शिक्का यंत्रच मारतं. बोर्ड गोंगाटापासून लांब, एका कोपऱ्यात होता. बसमध्ये जयमालाशेजारची जागा काही दिवस रिकामी राहिली, मग एकदा नीला जाऊन बसली. झोपली मात्र नाही. पूर्वीसारखं व्हायला वेळ लागेल, हे दोघींनाही कळत होतं.

धम्मपालशी ती पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलली. आता घरात एक नियम आहे. काही सांगायचं असलं की त्यानं समोर येऊन, थांबून सांगायचं, आणि तिनं ते परत म्हणायचं. 'सांगितलं होतं' हे वाक्य वापरायचं तर कुठं आणि कधी तेही सांगायचं. तो पाळतो. तरी त्याचं म्हणणं ती कधी कधी साक्षीकडून गुपचूप ताडून बघते, आणि हे त्याला माहीत आहे.

सांगवीचा सराव चालू आहे. मागच्या वेळी बाहेरच्या बाकावर चिखलीहून आलेली साबिया नावाची तरुण बाई बसली होती. तिचाही आजार हाच, केंद्रात यायला लागून थोडेच दिवस झालेले. बुरख्याची किनार बोटाला गुंडाळत ती हळू आवाजात नीलाला म्हणाली, "घरचे जबरदस्तीनं पाठवतात. खरी गोष्ट वेगळीच आहे. माझी सासू माझ्या वस्तू लपवते."

पूर्वीची नीला असती तर लगेच तिच्या बाजूनं झाली असती, आणि मधल्या काळातली असती तर म्हणाली असती, अगं, तूच विसरत असशील.

"लपवत असेलही," नीला म्हणाली. "आधी स्वतःचं तपास. मग सासूचं. पण सासूचं तपासायचं सोडू नको."

साबियानं तिच्याकडं जरा रोखूनच बघितलं, ही बाई नक्की कोणाच्या बाजूची आहे, असं. मग तिनं दोघींच्या मधली आपली पर्स उचलून नीलापासून लांब, दुसऱ्या बाजूला ठेवली.